फ्लाइट सिम्युलेटरसाठी तीन मॉनिटर घ्यावेत की एकच मोठी स्क्रीन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, टेबल पाच फुटांचं. एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्टचं सिम दोन्ही वापरता. बहुतेक वेळ सेसना १७२, अधूनमधून एअरबस ए३२०. पुढच्या वर्षी बारामतीला सीपीएलच्या (व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या) प्रशिक्षणाला जायचंय, त्याआधी सराव हवा. तर २७ इंचांचे तीन मॉनिटर घ्यावेत, ४३ इंचांची एकच ४के स्क्रीन घ्यावी, की सरळ ५५ इंची टीव्ही?

माझं मत: ४३ इंची एकच घ्या. पण जुना २४ इंची विकू नका, तो डाव्या हाताला लावा. तुम्ही प्रशिक्षणाला जाणार आहात म्हणून हे इतक्या ठामपणे सांगतोय. नुसत्या हौसेसाठी विचारलं असतंत तर दोन्ही चाललं असतं.

आधी इंच विसरा. तुमच्या डोळ्यापासून स्क्रीन किती अंश व्यापते, ते बघा. टेबलाच्या कडेला योक (विमानाचं स्टिअरिंग) लावला की खुर्ची मागे जातेच, म्हणून डोळा ते स्क्रीन अंतर ७० सेंटिमीटर धरू. २७ इंची मॉनिटर जेमतेम ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि या अंतरावरून ४६ अंश व्यापतो. बाजूचे दोन आत वळवून तिन्ही लावले की जवळपास १३९ अंश झाले. ४३ इंची स्क्रीन ९५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ६८ अंश. रुंदीत तीन मॉनिटर दुपटीने पुढे आहेत, यात वाद नाही.

उंची मोजली की पारडं फिरतं. २७ इंचीत वरपासून खालपर्यंत २७ अंश मिळतात, ४३ इंचीत ४२. सेसनाच्या कॉकपिटमध्ये हा फरक फार मोठा आहे. २७ अंशांत क्षितिज नीट घेतलं तर खालची उपकरणं कापली जातात, उपकरणं घेतली तर समोरचं आकाश जातं. मग सगळेच झूम आउट करतात आणि रनवे असतो त्याहून लांब आणि बारीक दिसायला लागतो. अशा चित्रावर फ्लेअरची (उतरताना शेवटी नाक उचलण्याची) सवय लागली तर खऱ्या विमानात नाक कधी उचलायचं याचा अंदाज चुकणार. म्हणून स्क्रीन कुठलीही घ्या, सिममधला फील्ड ऑफ व्ह्यू (दृश्याचा कोन) तुमच्या खऱ्या कोनाच्या जवळ ठेवा. ४९ इंची अल्ट्रावाइडचं नाव कुणी सुचवलं तर लक्षात घ्या, त्याची उंची २७ इंचीएवढीच असते.

आता सर्किटचा, म्हणजे रनवेभोवती आयताकृती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा, विचार करू, कारण प्रशिक्षणात तुमचे सुरुवातीचे कितीतरी तास त्यातच जाणार आहेत. नेहमीचं सर्किट डावं असतं (सगळी वळणं डावीकडे) आणि शिकणारा डाव्या सीटवर बसतो. डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जाताना, रनवे तुमच्या डाव्या खांद्याच्या रेषेत, ९० अंशांवर असतो. पुढे जाऊन त्याचं टोक मागे ४५ अंशांवर, म्हणजे नाकापासून १३५ अंशांवर गेलं की बेसला, म्हणजे रनवेला काटकोनात असलेल्या टप्प्यावर, वळायचं. तीन मॉनिटर डावीकडे फक्त ६९ अंशांपर्यंत दाखवतात. म्हणजे इतका खर्च करूनही डाउनविंडवर रनवे दिसणार नाहीच. विमान कंपन्यांच्या लेव्हल डी (सर्वोच्च दर्जाच्या) सिम्युलेटरमध्ये दृश्य १८० अंशांच्या आसपास किंवा त्याहून रुंद असतं, तेही मोठ्या वक्र आरशातून, त्यामुळे रनवे खरोखर दूर असल्यासारखा डोळ्याला वाटतो. ती सोय घरच्या टेबलावर होत नाही.

तीन मॉनिटरचा खरा फायदा बेसवर आहे. वळण पूर्ण झालं की रनवेचं टोक डावीकडे ४५ अंशांवर येतं आणि तुम्ही पुढे जाल तसं ९० अंशांकडे सरकत जातं. फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत, कधी वळायचं हे त्या सरकण्यावरूनच ठरवायचं असतं. एकट्या ४३ इंची स्क्रीनची डावी कड ३४ अंशांवर संपते, त्यामुळे ती हे कधीच दाखवणार नाही. सर्किटच्या सरावाला एकच स्क्रीन अपुरी पडते ती इथे, आणि तुमचा जुना मॉनिटर इथेच कामाला येतो.

२४ इंची मॉनिटर ७० सेंटिमीटरवरून साधारण ४२ अंश व्यापतो. तो मोठ्या स्क्रीनच्या डाव्या कडेपासून थोडा पुढे ओढून आत वळवा, त्याचा मध्य डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर राहील असा. आता डावीकडे ७६ अंशांपर्यंत दिसतं, तीन मॉनिटरपेक्षाही थोडं जास्त. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र दिशा आणि कोन देता येतो. मधल्याला ६८ अंश द्या. डाव्याला ४२ अंश द्या आणि त्याची दिशा डावीकडे ५५ अंश वळवा. दोन्हींचे मध्य एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर क्षितिज जोडावर तुटतं. मधली कड फारशी खुपत नाही, सेसनात तसाही दाराचा खांब आडवा येतोच. उजवीकडे काही नसल्याची खंत नको, डाव्या सर्किटमध्ये तिकडे बघण्याची गरज फार कमी पडते.

कार्डाच्या बाजूनेही हेच परवडतं. २५६०×१४४० चे तीन मॉनिटर म्हणजे सुमारे १ कोटी १० लाख पिक्सेल, शिवाय तीन वेगळी दृश्यं म्हणजे तेच जग तीनदा रेखाटायचं. याचा भार प्रोसेसरवरही पडतो. ४के आणि फुल एचडी मिळून १ कोटी ४ लाखांच्या घरात जातात आणि रेखाटन दोनदाच होतं. तिन्ही मॉनिटर जोडून एकच लांब दृश्य पसरवायचा मार्ग आहे, पण तो मी कुणालाच सुचवणार नाही. सपाट चित्रात मध्यापासून ६० अंशांवरची वस्तू आडवी चौपट ताणली जाते. बाजूचे मॉनिटर वळवलेले असले की ते ताणलेपण तसंच डोळ्यात भरतं, आणि वळताना जमीन कडेला वेगळ्याच वेगाने सरकते.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये २०२२ पासून बाजूच्या दृश्यासाठी जादा खिडकी उघडता येते, पण तिथे फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) किंमत जास्त मोजावी लागते. त्या सिममध्ये २४ इंचीवर बाहेरचं दृश्य घेण्यापेक्षा उपकरणं घ्या. उजवं ऑल्ट दाबून जी१००० च्या (सेसनातल्या डिजिटल उपकरणांच्या) पडद्यावर क्लिक केलं की तो वेगळा निघतो, ए३२० चे डिस्प्लेही तसेच निघतात. काट्यांची जुनी, घड्याळासारखी उपकरणं अशी निघत नाहीत, त्यासाठी एअर मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर लागतं. एअरबससाठी तर मला एकच मोठी स्क्रीन निर्विवाद बरी वाटते. तिथे काम वर-खाली असतं, डावी-उजवीकडे फारसं नाही.

डाउनविंडवरच्या त्या ९० अंशांसाठी हेड ट्रॅकिंग (डोकं वळेल तसं दृश्य फिरवणारी सोय) घ्या. ट्रॅकआयआर चांगलं आहे, पण आधी ओपनट्रॅक वापरून बघा. ते फुकट आहे आणि साध्या वेबकॅमवर चालतं. मान थोडी वळवली की दृश्य खांद्यापर्यंत फिरतं. सिमवरून आलेला विद्यार्थी कॉकपिटच्या आतच बघत बसतो, ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे. मान वळवायची सवय आत्ताच लागली तर तिथे तुम्हाला पहिल्या दिवसापासून उपयोग होईल. डाव्या मॉनिटरवर बाहेरचं दृश्य असताना मात्र ट्रॅकिंग बंद ठेवा. दोन्ही एकदम फिरायला लागले की डोकं गरगरतं.

५५ इंची ९० सेंटिमीटरवर ठेवलात तर कोन तोच, ६८ अंश. डोळ्याला लांबचा फोकस सोसवतो, हे खरं. पण मग ती टेबलामागे भिंतीवर लावावी लागेल आणि २४ इंची तिच्याशी जुळवणं कठीण जाईल. ४३ इंचीत टीव्ही घ्या किंवा मॉनिटर, टीव्ही असेल तर गेम मोड चालू करा, नाहीतर योक हलवल्यावर विमान उशिरा वळल्यासारखं वाटतं. ६० हर्ट्झ पुरेसं आहे. सिममध्ये स्थिर ३० ते ४० फ्रेम मिळाल्या की छान उडवता येतं.

पैसे भरण्याआधी वर्तमानपत्रं जोडून ९५ बाय ५४ सेंटिमीटरचा कागद कापा, स्क्रीन येईल तिथे लावा, योक जागेवर ठेवून बसा आणि डोळ्यापासूनचं अंतर टेपने मोजा. ८० सेंटिमीटर भरलं तर मधला कोन ६८ वरून ६१-६२ अंशांवर येईल आणि डाव्या मॉनिटरचे आकडेही बदलतील. मोजलेलं अंतर इथे कळवा, दोन्ही आकडे काढून देतो.