शंका कसली आणि परस कुठलं?

प्रश्न : माझी मुलगी 'वॉशरूम' म्हणते, मी 'बाथरूम' म्हणते, सासूबाई अजून 'परसाकडे' म्हणतात आणि शाळेत मास्तर 'लघुशंका' म्हणायचे. काम एकच, मग एवढे शब्द कशाला? आणि त्या लघुशंकेत शंका नेमकी कसली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शंका म्हणजे इथे अंदेशा, 'आता जावं लागणार बहुतेक' अशी आतून आलेली सूचना. ती छोटी असली तर लघु आणि बसायला लावणारी असली तर दीर्घ. त्यामुळे वर्गात बाईंनी 'कुणाला काही शंका?' विचारलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची, ते अगदीच निराधार नव्हतं.

आता सासूबाईंचं. जुन्या घराला पुढे अंगण आणि मागे परस असायचं, परसबागेतलं परस तेच. संडास घरात नसायचाच, असला तर पार मागच्या टोकाला, म्हणून 'परसाकडे जाऊन येते' म्हटलं की झालं, दिशा सांगायची आणि कामाचं नाव घ्यायचं नाही. 'बहिर्दिशेला' ह्यातही तेच, फक्त संस्कृतचं सोवळं नेसवलेलं. घरात फ्लश आला, दिशा संपली, पण सासूबाई चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही परसाकडे जाऊ शकतात आणि मला तर ते वॉशरूमपेक्षा गोड वाटतं.

दुसरी युक्ती म्हणजे स्वच्छतेचं नाव पुढे करायचं. 'शौच' म्हणजे शुद्धी, पतंजलीने योगसूत्रात जे पाच नियम सांगितले त्यातला पहिलाच शौच आहे, आणि आपण त्याचं काय केलं तर शौचकूप. 'प्रातर्विधी' म्हणजे तर थेट विधीच, जणू गुरुजी येणार आहेत. वॉशरूम हे अमेरिकेकडून आलेलं त्याच घराण्यातलं, धुण्याचं नाव पुढे. टॉयलेटसुद्धा मुळात फ्रेंच, कापडाचा छोटा तुकडा, तो नटण्याच्या टेबलावर अंथरायचे, मग नटण्यालाच ते नाव पडलं, मग नटायच्या खोलीला, आणि शेवटी भांड्याला.

इतके शब्द का, तर प्रत्येक सभ्य शब्द वापरून वापरून मळतो. 'लघवी' बघा, लघुवरूनच आलेला, कधीकाळी उघड शब्दावर घातलेलं पांघरूणच ते, आज लॅबच्या रिपोर्टवर छापतात आणि पाहुण्यांसमोर म्हणायची चोरी. मग बाथरूम आलं, आणि आपण मराठी माणसांनी त्याचीही गंमत केली, 'मला बाथरूम लागलीय' म्हणतो, म्हणजे तहान लागावी तशी आख्खी खोलीच लागते! आता तेही रांगडं वाटायला लागलं म्हणून वॉशरूम. तुमची नात अजून काहीतरी वेगळं म्हणेल बघा.

उलटं एकदाच झालं. 2000 साली राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं आणि पुढे गावाच्या वेशीवर पाट्या लागल्या 'हागणदारीमुक्त गाव'. सरकारी मराठी, जी एरवी साध्या नळाला नळ म्हणत नाही, तिने सगळ्यात उघडा शब्द उचलला! मला वाटतं बरोबरच केलं, 'बहिर्दिशामुक्त ग्राम' लिहिलं असतं तर कुणाला काय कळणार आणि लाज कुणाला वाटणार.

प्रश्न : एकी-दुकी कुठून आलं? आणि 'जुलाब' हा सभ्य शब्द आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : एकी-दुकी बोटांवरून. वर्ग चालू असताना तोंड न उघडता परवानगी मागायची सोय, करंगळी किंवा एक बोट वर केलं की एकी, दोन बोटं वर केली की दुकी. इंग्रजीतही नंबर वन, नंबर टू म्हणतातच.

जुलाब मात्र जन्माने एकदम खानदानी. फारसीत गुलाब म्हणजे गुलाबपाणी, अरबीत 'ग'चा 'ज' होऊन जुलाब झालं आणि ते गोड औषधी सरबताचं नाव बनलं. आपल्याकडे पोट साफ करायच्या औषधाला जुलाब म्हणायला लागले, म्हणून 'जुलाब घेणे', आणि मग औषधाने जे होतं त्यालाही तेच, म्हणून 'जुलाब होणे'. तिकडे इंग्रजीत तोच शब्द 'ज्युलेप' होऊन बसलाय आणि अमेरिकेत पुदिना घातलेलं मिंट ज्युलेप लोक बर्फ टाकून मजेत पितात.