शस्त्र निवडण्यापूर्वी

पहिल्याच व्हिडिओ खेळात जड तलवार घ्यावी की चपळ कट्यार, असे आपण विचारता. माझ्या मते आधी तो खेळ निवडीची मुभा किती देतो, हे पाहावे. २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये मुख्य शस्त्र एकच तलवार असल्याने वार अचूक क्षणी अडवून शत्रूचा तोल मोडण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही, आणि नवख्याने तेथून सुरुवात करू नये, असे मी स्पष्टच सांगतो. याउलट २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये तलवारधाऱ्यासाठी शिळा, ढालवाल्यासाठी जल, भालेकऱ्यासाठी वारा आणि धिप्पाड गड्यासाठी चंद्र असे चार पवित्रे आहेत, समोर कोण आहे ते पाहून पवित्रा बदलण्याची सवय तेथे हाताला लागते. ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) रेनाला या बलाढ्य शत्रूला हरवल्यावर एक विशिष्ट वस्तू खर्चून पात्राच्या बळ, चपळाई अशा गुणांची वाटणी पुन्हा करता येते, त्यामुळे जादूगार होऊन पस्तावलात तरी पात्र वाया जात नाही. (फोंड्याच्या पावसात ऐन द्वंद्वात वीज गेली, तर मात्र कोणतीच शैली कामास येत नाही.) जड शस्त्राचा सुरू झालेला वार बहुधा मध्येच थांबवता येत नाही, म्हणून आठवडाभर केवळ शत्रूचे वार चुकवावेत आणि मगच शस्त्र ठरवावे.