‘दॅट्स एंटरटेनमेंट!’ हा हॉलिवूडचा सिनेमा म्हणजे नुसती जुनी गाणी एकापुढे एक चिकटवलीत का? बघण्यासारखा आहे का?

चिकटवलीत खरी, पण बघाच. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओला ५० वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, त्यांच्याच संगीतपटांतले तुकडे जोडून जॅक हेली ज्युनिअरने हा केला. (याचे वडील ‘विझार्ड ऑफ ऑझ’ सिनेमातला टिनचा माणूस!)

गाणी आज यूट्यूबवरही सापडतील. खरी गंमत मधल्या निवेदनात आहे. नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर आपल्याच जुन्या ‘द बँड वॅगन’ सिनेमातल्या रेल्वे स्टेशनच्या सेटवर परत येतो. सिनेमात चकाचक दिसलेलं ते स्टेशन आता पार मोडकळीला आलंय. स्टुडिओ तेव्हा बाहेरच्या सेटच्या जागा विकत होता, त्यामुळे आनंदसोहळ्यात मध्येच घर रिकामं करताना होतं तसं काहीतरी होतं. मला तर नाचांपेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.

एरवी रुबाबदार नायक रंगवणारा क्लार्क गेबल गाताना-नाचताना बघून हसू आवरत नाही. शेवटी ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’मधला बॅले आहे, तेव्हा फोन बाजूला ठेवा.

पुढे १९७६ आणि १९९४ साली आणखी दोन भाग आले. दुसरा जरा विस्कळीत वाटतो, पण त्यात वय झालेले अ‍ॅस्टेअर आणि नर्तक-नट जीन केली एकत्र नाचतात.