टीमने हंगामाच्या मध्यावर रोस्टर बदललं, तर त्या हंगामाकडून काही आशा ठेवावी का?

डोटा या पाच विरुद्ध पाच खेळल्या जाणाऱ्या कॉम्प्युटर गेममधल्या तुमच्या आवडत्या टीमचा कॅप्टन आणि आणखी एक जुना खेळाडू गेला, त्यांच्या जागी आलेल्यांपैकी एक तर अगदीच कोवळा पोरगा आहे, आल्या आल्या दोन-तीन सिरीज हातच्या गेल्या, आणि आता हा हंगाम सोडून द्यायचा का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: सोडू नका. फक्त स्कोअरवरून अंदाज बांधणं काही महिने थांबवा. टीम नव्याने उभी राहत असते तेव्हा सगळ्यांचं लक्ष नवीन कोण आलं याकडे असतं. मी आधी जुन्यांकडे बघते. जे मागे राहिले त्यांच्यापैकी कोणी आपल्या वाट्याचं काय सोडलं? टीम खरंच उभी राहतेय की नुसती जागा भरली जातेय, हे तिथे सगळ्यात आधी कळतं.

मी हे ओजी या युरोपातल्या डोटा टीमकडे बघून शिकले, म्हणून ती गोष्ट जरा सविस्तर सांगते.

२०१८ चा मे महिना संपत आला होता. द इंटरनॅशनल, म्हणजे टीआय, ही डोटाची वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा, तीन महिन्यांवर. अशा वेळी ओजीचा कॅप्टन फ्लाय आणि ऑफलेनर (नकाशाच्या कडेची अवघड लेन, म्हणजे वाट, सांभाळणारा) एसफोर टीम सोडून इव्हिल जीनियसेस (ईजी) या टीममध्ये गेले. फ्लाय म्हणजे कोणी कालपरवा आलेला खेळाडू नव्हता. त्याने आणि नोटेलने मिळून २०१५ मध्ये ही टीम काढली होती. दोघं हीरोज ऑफ न्यूअर्थ या डोटासारख्याच गेमच्या दिवसांपासून एकत्र खेळत होते, आणि ओजीने जिंकलेल्या चारही मेजर, म्हणजे टीआयखालोखालच्या मोठ्या स्पर्धांमध्ये (फ्रँकफर्ट, मनिला, बॉस्टन, कीव्ह) दोघं होते. त्यातून त्या वर्षीचा नियम असा, की ठरलेल्या मुदतीनंतर रोस्टर बदललं तर थेट आमंत्रणाची आशा संपली. ओपन क्वालिफायरपासून, म्हणजे कोणालाही खुल्या पात्रता फेरीपासून, खेळत या. चार मेजर जिंकलेली टीम हौशी पोरांच्या टीमबरोबर एकाच ब्रॅकेटमध्ये. ईजीलाही तोच नियम लागला, तेही आपल्या विभागातून तसेच वर आले. पण युरोपातून त्या वर्षी क्वालिफायरने जाणारी जागा एकच होती.

आता ओजीने काय केलं ते बघा. २०१७ च्या टीआयनंतर खेळातून बाजूला झालेल्या अठरा वर्षांच्या अनाला परत बोलावलं आणि कॅरी (सामना जिंकून देण्याची मुख्य जागा, पोझिशन एक) दिली. मिडला, म्हणजे नकाशाच्या मधल्या लेनला, आणला टॉपसन. फिनलंडचा वीस वर्षांचा मुलगा, रँक्ड मॅचमध्ये नाव कमावलेला, पण मोठी स्टेज कशी असते ते न पाहिलेला. सेब मूळचा खेळाडू, पण ओजीत तो प्रशिक्षक होता. त्याच वर्षी तो पुन्हा खेळायला उतरला होता, त्याने ऑफलेन घेतली. जेरॅक्स चौथ्या पोझिशनवर होता तिथेच राहिला. आणि नोटेल गेला पोझिशन पाचवर.

हे शेवटचं वाक्य बातम्यांमध्ये कुठेतरी खाली असतं, पण माझ्या मते सगळी गोष्ट तिथे आहे. डोटा न खेळणाऱ्यांसाठी सांगते. नकाशावर सोनं मोजकंच असतं, आणि पाच जणांत ते सारखं वाटत नाहीत. पोझिशन एकला सगळ्यात जास्त, पाचला सगळ्यात कमी. तेव्हा तर वॉर्डसुद्धा (नकाशाचा अंधारा भाग दाखवणाऱ्या वस्तू) विकत घ्यावे लागायचे, आणि तो खर्च पाचव्याच्या खिशातून जायचा. कॅरीच्या हातात दोन-तीन मोठे आयटम असतात तेव्हा पाचवा बूट घालून, दोन वॉर्ड घेऊन अंधाऱ्या जंगलात फिरत असतो आणि पहिला मरतो. ओजीने चारही मेजर जिंकल्या तेव्हा नोटेल पोझिशन एकवर होता. म्हणजे टीमचा संस्थापक, कॅरी म्हणून ट्रॉफ्या उचललेला माणूस, ते सोनं एका अठरा वर्षांच्या आणि एका वीस वर्षांच्या मुलाकडे सोपवून स्वतः वॉर्ड लावायला गेला, आणि वर कॅप्टनपदाचं ओझंही घेतलं. मिडला बसलेल्या नवीन मुलाला ‘आमचा तुझ्यावर विश्वास आहे’ असं शंभरदा सांगून जे होणार नाही, ते यातून होतं.

टॉपसनच्या खेळावर त्याचा परिणाम उघड दिसत होता. तो मिडला लोकांच्या डोक्यात नसलेले हिरो (खेळातली पात्रं) घ्यायचा, विचित्र आयटम बांधायचा, आणि टीम त्याला तसं खेळू द्यायची. बऱ्याच टीम नवीन मुलाला आणतात त्याच्या वेगळेपणासाठी, आणि आठवडाभरात त्याला आधीच्या खेळाडूचेच चार हिरो खेळायला लावतात. मग तोही बुजतो आणि टीमही अडते. तुमच्या टीमच्या ड्राफ्टमध्ये (गेमआधीच्या हिरोंच्या निवडीत) हे नक्की तपासा: नव्या मुलाचे स्वतःचे हिरो मोठ्या सामन्यात निवडले जातात का, की फक्त जिंकलेल्या सिरीजच्या शेवटच्या गेममध्ये?

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. ओजीने क्वालिफायर जिंकून ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर गाठलं. वरच्या ब्रॅकेटमध्ये समोर आले ते नेमके फ्लाय-एसफोरचे ईजी, आणि ओजीने ती सिरीज २-१ ने घेतली. (ईजी तिसरे आले, तेव्हा सोडून गेलेले चुकले असंही म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना आपापली टीम सापडली.) फायनलला चीनची पीएसजी एलजीडी. तीन गेमनंतर एलजीडी २-१ ने पुढे, आणि चौथ्यातही त्यांचंच पारडं जड. तिथे सेब ॲक्स हा हिरो घेऊन ऐन लढाईत ब्लिंक मारून, म्हणजे क्षणात झेप घेऊन, त्यांच्यामध्ये उतरला. ॲक्सच्या कॉल या डावात सापडलेल्यांना त्याच्यावरच वार करावा लागतो, आणि ब्लेड मेल हा आयटम चालू असेल तर तो वार त्यांच्यावर उलटतो. कॉमेंटेटरने लांबवलेलं ‘सेsssब’ डोटा बघणाऱ्या प्रत्येकाच्या कानात आहे. पण मला त्या क्षणापेक्षा त्याच्या अलीकडची मिनिटं जास्त आवडतात. हरत असताना पाचही जण एकाच गोष्टीची वाट बघत होते, कोणी एकटा हिरोगिरी करायला गेला नाही. पाचव्या गेममध्ये अनाने एम्बर स्पिरिटवर काम तमाम केलं, ३-२. पहिलं बक्षीस एक कोटी डॉलरच्या वर होतं.

आता याची दुसरी बाजू. तीन महिन्यांत असं होणं हा अपवाद आहे, त्यावरून तुमच्या टीमला मुदत देऊ नका. जिंकल्यानंतर अना पुन्हा विश्रांतीला गेला, आणि बाकी चौघं तेच असूनही ओजी कित्येक महिने चाचपडत राहिले. २०१९ मध्ये अना परत आल्यावर, त्याच पाच जणांनी शांघायला टीआय पुन्हा जिंकली. दोनदा जिंकणारी ती पहिलीच टीम. चार विजेते आणि एक चांगला खेळाडू एवढ्यावर बेरीज जमत नाही, हे त्या मधल्या महिन्यांनी दाखवलं.

जास्त नेहमीसारखं उदाहरण टीम स्पिरिटचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी यलो सबमरीन नावाचा अख्खा स्टॅक, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या खेळाडूंचा गट, उचलला. कॅप्टन मिपोश्का सोडला तर टीआय कोणी खेळलेलं नव्हतं. कॅरी यातोरो सतरा वर्षांचा होता. हंगामभर चढउतार झाले, थेट आमंत्रण मिळालं नाही, क्वालिफायर खेळावं लागलं. बुखारेस्टच्या टीआयलाही मेन इव्हेंटची पहिलीच सिरीज हरून ते खालच्या ब्रॅकेटमध्ये (आणखी एक हार म्हणजे बाहेर) पडले, आणि तिथून एकेकाला घरी पाठवत (ओजीलासुद्धा) वर आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तेच चॅम्पियन. डिसेंबर ते ऑक्टोबर, दहा महिने. मधल्या एखाद्या पराभवानंतर मालकांनी दोन पोरं बदलली असती तर?

म्हणून तुमच्या टीमचे पराभव नीट बघा, कसे होताहेत ते. लेनिंग, म्हणजे सुरुवातीची आपापल्या लेनमधली झुंज, हे बरंचसं एकट्याचं कसब आहे, ते पहिल्या दिवसापासून दिसायला हवं. बाराव्या मिनिटाला तिन्ही लेन गेलेल्या असतील आणि हे दर सिरीजमध्ये होत असेल, तर माणसं चुकीच्या जागी बसवली आहेत. पण टीम पस्तिसाव्या मिनिटापर्यंत पुढे असेल आणि मग रोशन या नकाशावरच्या मोठ्या राक्षसापाशी गोंधळ, दोघांचे बायबॅक (सोनं देऊन लगेच जिवंत होणं) वाया, तिघे एकीकडे आणि दोघे भलतीकडे, असं होऊन हरत असेल, तर मी उलट खूश होईन. तिथे कोण बोलणार, कोणाचं ऐकायचं, कधी मागे फिरायचं हे ठरलेलं नसतं, आणि ते एकत्र खेळूनच ठरतं. बाहेरून आणलेल्या कोणत्याही स्टारबरोबर ते तयार येत नाही.

जमलं तर रिप्ले पाचव्या खेळाडूच्या नजरेतून बघा. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन मुंबई ही डोटा स्पर्धा झाली, तिथे हे मला फार जाणवलं. मोठ्या पडद्यावर कॅमेरा किल होईल तिकडे पळतो, सगळं स्टेडियम ओरडतं, आणि ज्या वॉर्डमुळे तो किल झाला तो लावणारा कधीच दिसत नाही. रिप्लेमध्ये तो दिसतो. कॅरी अडचणीत आल्यावर पाचवा आपला जीव देऊन त्याला सोडवतो की आधी स्वतः पळतो, हे दोन रिप्लेंत कळेल.

मुदतच हवी असेल तर मी म्हणेन, पुढच्या टीआयच्या क्वालिफायरपर्यंत हेच पाच जण राहू देत. तोवरचे निकाल मनाला लावून घेऊ नका. फक्त एका बातमीची मला भीती वाटेल: दोन महिन्यांत त्या कोवळ्या मुलाला बेंचवर बसवून कोणीतरी नावाजलेला माणूस आणल्याची. ती आली, तर मात्र पुढच्या वर्षाचीच वाट बघा.