एक दिवस, एक सरोवर

प्रश्न : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नेल्सनला मुक्काम आहे. एक दिवस मोकळा आहे. गर्दी नसलेलं डोंगरातलं सरोवर सुचवाल का?

उत्तर : नेल्सन लेक्स राष्ट्रीय उद्यानात जा, ताई. गाडीने साधारण दीड तास. 1956 साली स्थापन झालेल्या या उद्यानाकडे बहुतेक पर्यटक वळतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. सेंट अरनॉड गावाशेजारी, रोटोइटी सरोवराच्या केर बे धक्क्यावर आधी उभ्या राहा. खाली पाण्यात हाताच्या मनगटाएवढे जाड ईल मासे संथ फिरताना दिसतील.

मग काठालगतच्या बीच वृक्षांच्या रानात शिरा. खोडं काजळी फासल्यासारखी काळी दिसतात. ती बुरशी आहे. सालीत दडलेले चिमुकले कीटक पांढऱ्या तंतूच्या टोकाशी गोड थेंब सोडतात, त्यावर ती वाढते. थेंब नीट बघाच! बेलबर्ड आणि तुई पक्षी तेच पितात. उन्हाळ्याच्या अखेरीस गांधीलमाश्याही त्यावर येतात, तेव्हा खोडाला हात लावू नका.

याच उद्यानात आत डोंगरात असलेल्या ब्लू लेक सरोवराचा हट्ट मात्र सोडा, ते एका दिवसात जमत नाही. सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या कडाडून चावतात. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि माश्या दूर ठेवणारं मलम हवंच.