वडिलांना स्वरतंतूचा टी१ए कॅन्सर आहे. नुसत्या रेडिएशनने बरे होतील का, आवाज राहील का?

गाठ एकाच स्वरतंतूवर, दोन्ही तंतू नीट हलतायत (यालाच टी१ए म्हणतात), मानेत काही नाही असं तुम्ही लिहिलंय. यात १०० पैकी साधारण ९० जणांची गाठ नुसत्या रेडिएशनने कायमची जाते, आणि उरलेल्यांना ऑपरेशनचा मार्ग उरतो. तंतूची हालचाल मंदावली असती (टी२), तर आकडा ७०-८० वर आला असता.

कॅन्सर मानेत पसरतो तो लसिकावाहिन्यांतून, आणि स्वरतंतूंत त्या नसल्यातच जमा. म्हणून मानेतल्या लसिकाग्रंथींना शेक (रेडिएशन) द्यावा लागत नाही. शेक द्यायची जागा (फील्ड) जेमतेम ५ बाय ५ किंवा ६ बाय ६ सेंटीमीटर, त्यामुळे तोंड सहसा कोरडं पडत नाही. डोस विचारून घ्या. २.२५ ग्रेची (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) २८ सिटिंग, एकूण ६३ ग्रे, ही पद्धत मला पटते. २००६ च्या जपानी अभ्यासात पाच वर्षांनी गाठ आटोक्यात राहिलेले ९२ टक्के होते, रोज २ ग्रे दिलेल्यांत ७७. गाठ तंतूंच्या पुढच्या कोपऱ्याला लागली असेल तर तेही विचारा. तिथे कातडी जवळ, त्यामुळे डोस कमी पडू शकतो.

बिघडतं ते खाड्यांमुळे. मधे दिवस गेले की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. विसर्जनाला रस्ते बंद, दिवाळीची सुट्टी, मशीन बंद पडणं, हे पुण्यात धरूनच चाला. खाडा झालाच तर शनिवारी किंवा एका दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन सिटिंग देऊन भरून काढतात. ते डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. तंबाखू, विडी, मिश्री आजपासून बंद.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आवाज आणखी बसतो, गिळताना दुखतं. घाबरू नका. मऊ वरणभात, ताक फार आंबट नको, तिखट बंद. मानेला बाम-तेल लावू नका, दाढी ट्रिमरने. आवाज सुधारायला शेक संपल्यावर दोन-तीन महिने लागतात; बहुतेकांचा कामापुरता चांगला होतो, अगदी पूर्वीसारखा होईलच असं नाही.

लेझरने गाठ काढण्याचाही पर्याय विचारा. लहान गाठीत निकाल तितकाच, एका दिवसात काम होतं आणि पुढे लागलं तर रेडिएशन हातात शिल्लक राहतं. पुढचा कोपरा गुंतला असेल तर मात्र मी रेडिएशनकडे झुकेन.

पुन्हा उलटलं तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून पहिल्या वर्षी दर एक-दोन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी. सुधारलेला आवाज परत बसू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.