नवीन छोट्या गाडीत जुना सीडी चेंजर बसवता येईल का?

येतो. तुम्ही लिहिलंय की घरात जुन्या गाडीतला सहा सीड्यांचा चेंजर, म्हणजे आतल्या सीड्या आपोआप बदलणारा डबा, पडून आहे, नवीन हॅचबॅकला कंपनीची टचस्क्रीन आहे, आणि शोरूममध्ये विचारलं तर तिथला माणूस हसला. त्या हसण्यावरूनच मी लिहायला बसले, नाहीतर मी इथं फारसं लिहीत नाही.

मी सोलापूरची. माझ्या छोट्या गाडीत चेंजर आहे आणि तो रोज वाजतो. बाबांचा आहे, सोनीचा, डिकीत लावायचा. त्यांनी तो एस्टीमला लावलेला. ती गाडी विकताना घेणारा म्हणाला सेट राहू द्या, तर बाबांनी किंमत कमी करून दिली पण डेक, म्हणजे डॅशबोर्डमधला मुख्य सेट, आणि चेंजर दोन्ही काढून घेतले आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. पगार झाला की नव्या पेठेत जाऊन एक सीडी आणायची असं जमवलेलं कलेक्शन आहे ते, त्याची किंमत पेनड्राइव्हच्या भावात करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मी गाडी घेतली ती मुद्दाम बेस मॉडेल. कंपनीचा स्टिरिओच नाही, डॅशबोर्डला नुसतं प्लास्टिकचं झाकण. माझं स्पष्ट मत आहे, ज्याला स्वतःचा सेट लावायचाय त्यानं टचस्क्रीनवाली गाडी घेऊच नये. माझा धाकटा दीर पुण्यात आयटीत आहे, तो तेव्हापासून म्हणतोय, "वहिनी, सगळं ॲपवर आहे की हो, डिकीत तो डबा कशाला?" शोरूममधल्या ॲक्सेसरीजवाल्याचंही तेच, मॅडम आता हे कुणी लावत नाही, वायरिंगच नाही. वायरिंग नसतं तर ओढायचं असतं! त्याला येत नव्हतं एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.

शेवटी बाबांच्या ओळखीचे एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाले. त्यांनी चेंजर हातात घेतला आणि पहिला प्रश्न, "डेक कुठाय?" हाच तुमच्याही प्रश्नाचा गाभा आहे. डिकीतला चेंजर एकटा काही करू शकत नाही, त्याला कुठली सीडी, कितवं गाणं हे सगळं डेक सांगतो, आणि ते सांगायची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी होती. सोनीचं युनिलिंक, पायोनियरचं आयपी-बस, अल्पाइनचं एआय-नेट. एकाचा चेंजर दुसऱ्याच्या डेकला चालत नाही. त्यामुळं ज्याच्याकडं जोडी शाबूत आहे त्यानं ती फोडू नये. आमची होती, म्हणून झालं.

डेक सिंगल डिन म्हणजे पाच सेंटिमीटर उंचीचा, गाडीतली जागा डबल डिन, तर खाली खाचेचा ट्रे घालून बसवला. अँटेना आणि स्पीकरच्या वायरीसुद्धा ओढाव्या लागल्या. डेकचे हुकूम चेंजरला नेणारी सोनीची बस केबल आणि सोबत आवाजाची लाल-पांढरी आरसीए वायर, या दोन्ही दाराच्या पट्टीखालून डिकीपर्यंत नेल्या, आणि करंटची वायर दुसऱ्या बाजूनं, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात शिट्टी येते. पिवळी बॅटरीवरून फ्यूज टाकून, लाल चावीवरून, काळी बॉडीला, तिथला रंग खरवडून.

आता खरी गंमत सांगते जी कुठल्याच हसणाऱ्याला माहीत नसते. डिकी एवढीशी, चेंजर आडवा ठेवला तर बॅग मावेना, म्हणून तो बाजूच्या भिंतीला उभा लावायचा ठरला. चेंजरच्या आत सगळी यंत्रणा स्प्रिंगांवर टांगलेली असते, आणि दोन्ही कुशींना एकेक डायल असते, आडवा, तिरका, उभा अशा खुणा. उभा लावायचा तर दोन्ही डायली उभ्या खुणेवर. एक जरी चुकली तर स्प्रिंग एका बाजूला ओढून राहते आणि प्रत्येक खड्ड्याला गाणं उडी मारतं. इलेक्ट्रिशियन काकांनी चष्मा कपाळावर सरकवून, टॉर्च तोंडात धरून दोन्ही खुणा तपासल्या, मग मला बघायला लावल्या, आणि मगच पत्र्याला स्क्रू मारला. आतली यंत्रणा जखडणारे ट्रान्सपोर्ट स्क्रूही आधी काढले. गाडी घेऊन आम्ही बाबांसकट अक्कलकोटला गेलो, चाळीसेक किलोमीटर, मध्ये रस्ता खणलेला, आणि भीमसेन जोशींचा ख्याल एकदाही तुटला नाही. बाबा मागच्या सीटवर मांडीवर ताल धरून बसलेले.

आणि दीर म्हणतो ॲपवर आहे. विलंबितातून द्रुतात जाताना सीडीवर ट्रॅक बदलतो पण आवाज थांबत नाही, तबला तसाच पुढं चालतो. फोनवर सेटिंग नीट नसलं, की नेमकं समेच्या तोंडाशी क्षणभर शांत. आकडेच हवे असतील तर सीडीतून सेकंदाला १,४११ किलोबिट येतात, ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची साधी पद्धत, एसबीसी कोडेक, चांगल्या सेटिंगला ३२८ च्या आसपास. छोट्या गाडीत इंजिनच्या आवाजात काय कळणार म्हणे. सात रस्त्याला सिग्नलला उभं राहिल्यावर तानपुरा कळतो, मला कळतो. शिवाय बाबांच्या काही सीड्या कुठल्याच ॲपवर नाहीत, मी शोधून बघितलंय, आणि ॲपवरचं गाणं उद्या काढलं तर विचारायचं कुणाला? विकत घेतलेली सीडी कुणी काढून नेत नाही.

तुमच्या टचस्क्रीनचं राहिलंच. कंपनीच्या स्क्रीनला चेंजरची बस नसते, त्यामुळं थेट जोडणी नाही. स्क्रीन काढून जुना डेक लावला तर रिव्हर्स कॅमेरा आणि स्टेअरिंगवरची बटणं जातात, काही गाड्यांत इतर सेटिंगही त्याच स्क्रीनमध्ये असतात, तेव्हा तसं करू नका. राहिला एफएम मॉड्युलेटर, तो अँटेना आणि रेडिओच्या मध्ये बसतो आणि सीडी एका रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर ऐकू येते. त्यासाठी स्वतःच्या डिस्प्ले आणि रिमोटसकट आलेला चेंजर लागतो, नुसता डबा चालत नाही. आवाज एफएमइतकाच, वरचे सूर १५ किलोहर्ट्झला कापले जातात. गाडीला ऑक्स, म्हणजे बाहेरचा आवाज वायरीनं आत घ्यायची जागा, असेल तर डेक सीटखाली किंवा डॅशच्या खणात ठेवून त्याचं आरसीए आउट ऑक्सला देता येतं, आवाज मॉड्युलेटरपेक्षा कितीतरी चांगला. कॉम्प्युटरची यूएसबी सीडी ड्राइव्ह गाडीच्या पोर्टला लावून बघू नका, गाडीला फाइली वाचता येतात, ऑडिओ सीडी नाही.

आणि हो, वॉरंटी. कंपनीची वायर कापली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला त्यांना निमित्त मिळतं, कपलर वापरा, कापू देऊ नका. सीटखाली काही लावणार असाल तर तिथल्या पिवळ्या कनेक्टरना हातही लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. सीएनजी किट असेल तर बहुतेक गाड्यांत डिकीचा विषयच संपला. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३-४४ ला जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त, तेव्हा चेंजरमधलं मॅगझिन, म्हणजे सीड्या ठेवायची पेटी, काढून घरात आणायचं, विशेषतः घरी बर्न केलेल्या सीड्या, त्या आधी खराब होतात. बहुतेक जुन्या चेंजरना एमपीथ्री सीडी आणि रीरायटेबल चालत नाहीत, साधी सीडी-आर बहुतेक चालते. लेन्स किंवा मोटार गेली तर नवीन पार्ट मिळत नाही, म्हणून मी पार्ट काढायला तसाच दुसरा बंद पडलेला चेंजर जुन्या बाजारातून आणून ठेवलाय.

मिस्त्री शोधताना चेंजर समोर ठेवा आणि विचारा, उभा लावायचा असेल तर काय बदलाल? जो डायलीपाशी बोट नेईल त्याच्याकडं गाडी सोडा.